अक्काच्या श्वासावर

तुमचं ‘सोबत’ बसवून घ्यायचं चाललंय ना, घ्या बसवून, मी कुठं नको म्हणतेय? मी स्वतःच लोकांना ती बसवून देते, माझा पगारच त्याचा आहे. पण आधी जयसिंगपूरच्या मगदूमांचं ऐका, मग काय ते ठरवा. आणि मध्ये बोलू नका हां, मला मध्ये कुणी बोललं की माझं निम्मं राहून जातं.

तर भरतेश मगदूम. आमच्या मागच्या गल्लीतला. दुधाचा टँकर चालवायचा. संध्याकाळी डेअरीवर टँकर भरायचा, रात्रीतून पुण्याला रिकामा करायचा आणि सकाळी चहाच्या वेळेला घरी. आला की जेवायचा आणि पडायचा. आणि पडला की असा घोरायचा, असा घोरायचा, की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, शप्पथ. त्याच्या आईला त्याचं केवढं कौतुक! “आमचा भरत्या पडला की मेला, भूकंप झाला तरी उठायचा नाही,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आपल्याकडे असंच समजतात ना, माणूस घोरतोय म्हणजे बघा कशी गाढ झोप लागलीय.

आणि ते बरोबर उलटं असतं! भरतेश लहानपणापासून तोंडानं श्वास घ्यायचा. नाक कायम चोंदलेलं, म्हणून तोंड उघडं, आणि मग नाक मोकळं झालं तरी सवय तीच. नाकातून हवा येते ती गाळून, गरम होऊन, ओलसर होऊन येते आणि तिचा वेगही आपोआप आवरला जातो. तोंडानं ती भसाभसा शिरते. त्यात हा उताणा झोपणारा. झोपेत जीभ मागं पडते, घसा मिटतो आणि श्वास चक्क थांबतो. माणूस मरत नाही, कारण मेंदू घाबरून त्याला ढोसतो, ऊठ, हवा घे! तो अर्धवट जागा होतो, घरघरत एक मोठा श्वास ओढतो आणि परत घोरायला लागतो. उठल्यावर त्याला यातलं काही आठवत नाही. म्हणजे आई ज्याचं कौतुक करत होत्या तो मुलगा झोपत नव्हताच, सगळा वेळ बुडत होता आणि वर येत होता. म्हणून ऐन तिशीत बीपी, म्हणून सारखी चिडचिड, म्हणून लाल सिग्नलला गाडी थांबली की मान खाली.

मग तो मोठ्या गाड्यांचा नियम आला. स्टिअरिंगवर एक पट्टी. ड्रायव्हर आदल्या वेळी कसा झोपला त्याचा हिशोब थेट गाडीकडे. पट्टी हिरवी असली तर किल्ली फिरणार, लाल असली तर गाडी ढिम्म हलणार नाही. भरतेशची पट्टी लाल. दुसऱ्या दिवशी लाल, पुढच्या आठवड्यात लाल. मास्क लावून झोपायचं मशीन दिलं, तर ते झोपेत ओढून कोपऱ्यात फेकायचा. शेवटी सांगलीला आमच्या निद्रा केंद्रात आला, आणि आमच्या डॉक्टर केळुस्कर मॅडमनी त्याला ‘सोबत’ सांगितली.

आता ती काय आहे ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. घोरणाऱ्याच्या हनुवटीखाली नि बरगड्यांखाली दोन बारीक यंत्रं बसवतात. ती जिभेच्या नि श्वासाच्या नसांना हलक्या टिचक्या देतात, की घसा उघडा ठेव, आता आत घे, आता सोड. पण टिचक्या कुठल्या लयीत द्यायच्या? आधी एक ठरावीक लय भरून बघितली. चार-सहा दिवस छान चालायचं, मग मेंदू तिच्याकडे लक्षच द्यायचा नाही, जसा आपल्याला पंख्याचा आवाज थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो तसा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की जिवंत माणसाचा श्वास दर वेळी जरासा वेगळा असतो आणि मेंदू त्याच्यामागं जातो. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी छातीवर चकती लावून झोपायचं आणि त्याचा श्वास, तसाच्या तसा, त्याच क्षणी, याच्या नसांमधून चालायचा. रक्ताचं माणूस असलं तर फार चांगलं जुळतं, जबड्याची नि छातीची ठेवण सारखी असते ना.

त्याच क्षणी म्हणाले मी, लक्षात आलं का? म्हणजे दोघांनी एकाच वेळी झोपलं पाहिजे.

आईंचा श्वास घेऊन बघितला, पण त्या झोपेत सारख्या दचकतात. मग राहिली राजमती. भरतेशची मोठी बहीण, सगळ्या गल्लीची अक्का. मगदूम जैन आहेत, त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं होऊन भांडीसुद्धा घासून होतात, रात्री पोट हलकं. अक्का रोज पहाटे डोळे मिटून बसणारी. तिला केंद्रात एक दुपार झोपवलं तर मॅडम स्क्रीनसमोरून उठेनात. “केतकी, बघ गं,” मला म्हणाल्या, “श्वास घेतेय का पाळणा हलवतेय ही?”

भरतेशची पट्टी हिरवी झाली. पहिल्यांदा पुरता झोपला तेव्हा उठून अंगणात आला आणि म्हणाला, “अक्का, सगळं एवढं स्वच्छ का दिसालंय? कुणी पुसून घेतलंय काय?” मी होते तिथं. आईंनी पदर डोळ्याला लावला.

पण मग अक्का दिवसा झोपायला लागली. तो आला की ही पडणार, तो उठला की ही उठणार. तिचा सकाळचा ब्लाउज शिवायचा क्लास होता, पोरी यायच्या खिदळत, तो बंद झाला. दिवसा झोपलेली बाई रात्री टक्क जागी. अख्खं गाव झोपलेलं आणि ही एकटी शिलाई मशीनवर. आणि स्थळं! इचलकरंजीहून एक मंडळी आली होती, मुलाची आत्या फार गोड आवाजात विचारते, “आमच्या कानावर आलंय की मुलगी दिवसा झोपती?”

अक्का म्हणाली, “हो. झोपायची नोकरी आहे माझी.”

सगळे हसले, पोहे झाले, आणि फोन आला नाही. त्या दिवशी भरतेश आल्यावर ती नेहमीसारखी खोलीत जाऊन पडली आणि उशीत तोंड घालून रडली. चकती छातीवर! पलीकडच्या खोलीत हा झोपेतून उठून बसला, छाती आवळलेली, घामानं भिजलेला. धावत तिच्या दारात आला. “अक्का, काय झालं? मला हुंदका कुठनं आला?”

ती म्हणाली, “काही नाही, जा, झोप. मीही झोपते.” आणि त्याच्यासाठी तिनं रडणं थांबवलं. मला हे तिनंच सांगितलं, हसत सांगितलं. त्यानंतर म्हणे ती रडायचं असलं की तो गाडीवर असताना रडायची.

अशी दोन वर्षं. मग त्या वर्षीचा भाद्रपद. त्यांच्यात दशलक्षण पर्व असतं, दहा दिवसांचं. काहीजण दहाच्या दहा दिवस उपवास करतात, म्हणजे अन्नाचा कण नाही, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बास. अक्कानं धरले. कुणासाठी? भरतेशसाठी! याची रात्रीची गाडी, घाटाचा रस्ता, याला सांभाळ म्हणून.

आता ‘सोबत’ देणाऱ्याला फोन रोज विचारतो, तब्येत कशी आहे? ताप, सर्दी, औषध, काही आहे का? अक्का रोज खरं उत्तर द्यायची, काही नाही. उपवास काय आजार आहे का? तुमच्या घरात कुणी एकादशीचा उपवास ताप-खोकल्यात मोजतं का? तिच्या मनात ते आलंच नाही, घरात कुणाच्याच आलं नाही.

मी चकती बदलायला गेले तो आठवा दिवस होता. दर महिन्याला बदलावी लागते. संध्याकाळ व्हायला आली होती. भरतेश डबा घेऊन निघालाच होता. चेहरा सुजल्यासारखा, डोळे बारीक.

“काय रे, झोपला नाहीस?”

“झोपलो की! झोपेचा आकडा बघ, पयल्यापेक्षा भारी येतोय. एक घोरणं नाही, एक थांबणं नाही.” मोबाइल माझ्या नाकासमोर धरला, हिरवागार. “डोस्कं तेवढं धरलंय चार दिवस. उठलं की जड. पित्त असंल.” एवढी मोठी जांभई दिली आणि गाडीवर टांग टाकून गेला.

आत गेले तर अक्का चटईवर भिंतीला टेकून बसलेली. ओठ सुकलेले, चेहरा मात्र शांत. मी चकती काढली, नवी लावली, सवयीनं आकडे बघितले आणि परत बघितले. तिचा श्वास केवढा मंद झालेला! मंद आणि उथळ. मी म्हटलं, अक्का, काही खाल्लंयस का? तेव्हा आईंनीच सांगितलं, किती अभिमानानं सांगितलं, आज आठवा उपवास.

मी अंगणात जाऊन मॅडमना फोन लावला. त्या केंद्रात अडकल्या होत्या, नऊ वाजून गेले तेव्हा कुठं फोन उचलला आणि आकडे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “केतकी, श्वास कशासाठी घेतो आपण? हवा आत घ्यायला, हे सगळे सांगतात. पण आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला, हे कुणी सांगत नाही. खाल्लेलं जळलं की तो तयार होतो. तिच्या चुलीत आता लाकूडच नाही, तिला तेवढा मंद श्वास पुरतो. तो मात्र चार भाकऱ्या खाऊन झोपतोय आणि श्वास घेतोय उपाशी माणसाचा. आत धूर कोंडतोय त्याच्या.”

“पण मॅडम, आकडा हिरवा आहे.”

“आकडा श्वास अडतोय का तेवढंच बघतो. पुरतोय का, ते बघतच नाही.”

कळलं का तुम्हाला? आपण सगळे शिकलो की हळू श्वास चांगला, शांत श्वास चांगला. पण कुणासाठी चांगला? भरतेश आठवडाभर शांत, सुंदर, देवासारख्या लयीत झोपत होता आणि झोपेत रोज थोडा थोडा गुदमरत होता. आणि आत्ता दूध भरून हायवेला लागला होता.

अक्काला सगळं सांगितलं. तिनं लगेच त्याला फोन लावला, स्पीकरवर.

“हां अक्का, बोल.”

“भरत्या, गाडी बाजूला घे. कुठं आहेस?”

“कराड सोडलं. का गं?”

तिनं धाप लागत लागत सांगितलं, मध्ये मध्ये मी सांगितलं. तो हसला. “अगं, हिरवी पट्टी आहे! खिडकी उघडी टाकलीया, गार वारं लागालंय. आणि मधेच थांबवली तर दूध नासतंय, दंड वेगळा. तू गप पड आता.” आणि मग एक जांभई. लांब. स्पीकरवरनं सगळ्या खोलीला ऐकू आली. फोन कट. परत लावला, उचलला नाही.

पुढं खंबाटकीचा घाट.

आता एकच रस्ता होता. ‘सोबत’ देणाऱ्याला दिलेला श्वास परत घेता येतो. मॅडमना नाही, मला नाही, फक्त देणाऱ्याला. तिनं फोनवर तसं म्हटलं की त्या दिवसाची झोप बाद, पट्टी लाल, आणि गाडी आपोआप वेग कमी करत कडेला जाऊन उभी राहते. पण रस्त्यावर असं ज्याचं होतं, त्याला ‘सोबत’वर परत कधीच मोठी गाडी चालवता येत नाही. आणि भरतेशची पट्टी ‘सोबत’शिवाय कधीच हिरवी होणार नव्हती. म्हणजे गाडी गेली. कायमची.

आईंना ते कळलं तशा त्या अक्काच्या समोर येऊन बसल्या. “राजू, असं करू नको. तू आत्ता काहीतरी पोटात घे. उपवास मोडला तर मी पाप घेते माझ्यावर. पेज करते थोडी.”

“आई, मी आत्ता जेवून त्याचं काय होणार? तो झोपून उठलाय, गाडीवर आहे.”

“अगं, आजवर काही झालं नाही ना? मग आजच कसं होईल? तूच त्याला उभं केलंस, तूच त्याची भाकरी काढून घेतीस? तोंड बघणार नाही तुझं तो.”

अक्का माझ्याकडं वळली. “केतकी, तू सांग. झोपेल का तो गाडीवर?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मॅडमनाही माहीत नव्हतं. पोचलाही असता, कदाचित. मी तेवढंच बोलले.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं भोवळ आली. पण ती नुसती श्वास घेत होती, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग डोळे उघडले, मोबाइल तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, “राजमती मगदूम. भरतेशला दिलेला श्वास मी परत घेतला.” आवाज एवढा बारीक, की फोननं परत म्हणायला लावलं. तिनं परत म्हटलं.

आई उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

टँकर घाटाच्या अलीकडं एका ढाब्यासमोर कडेला उभा राहिला. डेअरीनं दुसरा ड्रायव्हर पाठवला. भरतेश भाजीच्या टेम्पोतून सकाळी घरी आला. मी मुद्दाम लवकर गेले होते, मारामारी होईल असं वाटलं. तसलं काही नाही. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “काही झालं नसतं, अक्का.”

ती म्हणाली, “नसतं झालं.”

“मग का केलंस?”

“झालं असतं तर?”

“झालं नसतं म्हणतोय ना मी!” ओरडला, मग एकदम आवाज खाली. “माझा डोळासुद्धा लागला नव्हता. सगळं दिसत होतं मला.”

कसं सिद्ध करणार सांगा. जे झालंच नाही ते. ती तरी कसं करणार नि तो तरी कसं. त्यानं आल्या आल्या हनुवटीखालचं यंत्र बंद करून घेतलं माझ्याकडून, मान वर करून, माझ्याकडं न बघता. आणि त्यानंतर तो अक्काशी बोलला नाही. ते दोन दिवस घरात झोपलाही नाही, टेम्पो स्टँडवर जाऊन बसला. अक्का आता रात्री आडवी व्हायची आणि तिला झोप लागायची नाही. मला म्हणाली, “केतकी, मी नीट श्वास घ्यायची तो त्याच्यासाठी. आता आपला कशासाठी घ्यायचा, तेच कळेना झालंय.” पण उपवास तिनं पुढं चालू ठेवले. आईंनी सांगून बघितलं, मी सांगून बघितलं. ती म्हणाली, त्याच्यासाठी धरलेत, तो बोलू दे नाहीतर न बोलू दे.

मग पारण्याचा दिवस. दहा उपवास पुरे झाले की सगळे जमतात आणि घरचं माणूस पहिला घोट पाजतं. बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, बाजूला मोठा हॉल आहे, तो बायका-माणसांनी भरलेला. अक्काला पाटावर बसवलेलं, नवी साडी, दोन बायकांनी धरून आणलेलं. पुढं वाटीत मुगाचं पाणी. पहिला घोट भरतेशनं द्यायचा, असं पहिल्या दिवशीच ठरलेलं. आणि त्याचा पत्ता नाही. आई दाराकडं बघतायत. कुणीतरी म्हणालं, मामांना पाजू द्या. अक्का म्हणाली, “थांबा जरा.”

आणि आला तो. दाढी वाढलेली, डोळे तांबडेलाल, धड झोप नाही, चालताना तोल जात होता. पाटासमोर उकिडवा बसला, चमचा भरला.

“हं. तोंड उघड,” म्हणाला.

“तू मिट,” अक्का म्हणाली.

कारण त्याचं उघडंच होतं ना, सवयीनं! जवळच्या दोघी फसकन हसल्या. तो हसला नाही. पण तिच्या तोंडात चमचा घातला, निम्मं हनुवटीवर सांडलं ते आपल्या हातानं पुसलं, आणि उठून मागं खांबाला टेकून बसला. लोक पाया पडायला यायला लागले, पंडितजी बोलायला लागले. आणि बोलता बोलता थांबले. कारण खांबापासून आवाज यायला लागला होता.

घोरत होता. एवढ्या माणसांत, बसल्या बसल्या, मान छातीवर. पोरं खिदळायला लागली. एक काका उठवायला निघाले, अक्कानं हात वर केला. “झोपू द्या त्याला.”

आणि घोरणं थांबलं.

मला माहीत होतं काय झालंय. अक्काला माहीत होतं. आईंनाही आता माहीत होतं. पोरंसुद्धा खिदळायची थांबून त्याच्याकडं बघायला लागली. त्याची छाती हलत नाही, तोंड उघडं, आणि काहीही नाही. आई अक्काच्या कानाशी वाकल्या, मला ऐकू आलं, “राजू, चकती आहे की घरात. आणू का? यंत्र केतकी चालू करून देईल. आडवी हो की गं जरा. थोडा वेळच.”

अक्काचा रंग उडालेला. पाटाची कड दोन्ही हातांनी धरलेली. ती त्याच्या छातीकडं बघत होती आणि मला दिसत होतं, ती स्वतःही श्वास घेत नव्हती.

“नाही, आई,” म्हणाली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी मोजला नाही. मोजणं माझं काम आहे, तरी मोजला नाही.

मग त्याच्या घशात कुठंतरी खरखरलं, सगळं अंग हललं, आणि त्यानं हवा ओढली. वेडीवाकडी, फाटक्या कापडासारखा आवाज करत. पण ओढली. मान एका बाजूला कलंडली आणि परत घोरायला लागला.

अक्कानं पाटाची कड सोडली. वाटी उचलली, आणि दुसरा घोट स्वतःच्या हातानं घेतला.